राख, भुकटी आणि निंबोळी

घोड नदीच्या खोऱ्यातलं, चिंचणी-गुनाटच्या शेजारचं निमोणे हे शिरूर तालुक्यातल्या कमी पावसाच्या पट्ट्यातलं गाव. या पट्ट्यात घरापुरती पालेभाजी पिकायची ती न्हाणीच्या सांडपाण्यावर. परड्यातल्या वाफ्यात मेथी, शेपू, थोडी चवळई. मावा पडला तर औषध चुलीत तयारच असे. सकाळी दव असतानाच चाळलेली राख पानांवर भुरभुरायची. ओल्या पानाला ती धरून राहते आणि मऊ अंगाचा मावा सुकतो. सर आली की पुन्हा तोच उद्योग. पण मेथी महिनाभरात उपटायचीच असते आणि धुतली की राख निघून जाते.

स्वातंत्र्यानंतर डीडीटी आणि बीएचसी या कीटकनाशक भुकट्या आल्या. यातली दुसरी ‘गॅमेक्झिन’ म्हणून खेडोपाडी ओळखली गेली. मुठीनं धुरळायची सवय होतीच, त्यामुळे ती राखेच्या जागी सहज बसली. पालेभाजीचं तर पानच पोटात जातं, हा विचार मागे पडला. शेतीतल्या डीडीटीवर १९८९ मध्ये, तर बीएचसीवर १९९७ मध्ये बंदी आली. तोवर चुलीही विझू लागल्या होत्या.

उरला बांधावरचा कडूनिंब. निंबोळीच्या मगजाचं पाणी फवारलेल्या पिकाला टोळ तोंड लावत नाहीत, हे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. एस. प्रधान यांनी १९६२ च्या सुमारास प्रयोगानं दाखवलं. आज पाच टक्के निंबोळी अर्काची शिफारस सर्रास होते: पाच किलो भरड रात्रभर पाण्यात भिजवायची, फडक्यातून गाळून अर्क पाण्यानं शंभर लिटर करायचा. फवारणी संध्याकाळी, कारण त्यातलं अझाडिरॅक्टिन हे कीडरोधक द्रव्य उन्हात टिकत नाही.

याच कडूनिंबाच्या तेलावर अमेरिकी कृषी खातं आणि डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी यांनी १९९४ मध्ये युरोपीय पेटंट मिळवलं. ते किडीसाठी नव्हे, बुरशीसाठी होतं. आपल्याकडच्या भाषणांत हा फरक हमखास गळतो. पर्यावरण कार्यकर्त्या वंदना शिवा आणि त्यांच्या युरोपीय सहकाऱ्यांनी हरकत घेतली. परंपरेचे दाखले बरेच होते, पण म्युनिकच्या युरोपीय पेटंट कार्यालयात वजन पडलं ते तारखांना: उद्योजक अभय फडके यांनी १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात पुणे व सांगली जिल्ह्यांत घेतलेल्या शेतचाचण्यांना. मे २००० मध्ये पेटंट रद्द झालं. त्यावरचं अपीलही ८ मार्च २००५ रोजी फेटाळलं गेलं.