मुखवट्यामागील शोक

सह्याद्रीच्या पायथ्याशीं, शहापूर-मुरबाडपासून जव्हार-मोखाड्यापर्यंत पसरलेल्या डोंगरपट्टींत, उन्हाळ्याच्या रात्रीं कित्येक गांवीं बोहाडा होतो. संबळ-पिपाणीच्या तालावर, मशालींच्या उजेडांत, गणपतीपासून रावणापर्यंत एकामागून एक सोंगें नाचत येतात आणि अखेरीस जगदंबा महिषासुराचा वध करते. कोणतें सोंग कोणत्या घरानें नाचवावें हें बहुधा परंपरेनें ठरलेलें असतें. म्हणून मुखवट्याखालीं कोण आहे हें साऱ्या गांवाला ठाऊक असतें. नाचणारा कालवश झाला तर ती वार्ता प्रथम गांवालाच कळते, आणि मुखवटा त्याच्या मुलाच्या किंवा पुतण्याच्या मस्तकीं चढतो.

संगणकाच्या जाळ्यावर उभारलेल्या खेळांच्या जगांतहि माणसें मुखवटे चढवून वावरतात. टोपणनांव घेतात, मंडळ्या स्थापतात, रात्र-रात्र एकमेकांच्या संगतींत घालवितात. परंतु तेथें मुखवट्याखालचा चेहरा बहुधा कोणींच पाहिलेला नसतो. अशा जगांत सोबती मरण पावला तर शोक करावयाचा तो कोणाचा?

या प्रश्नाचा एक प्रसिद्ध प्रसंग १९९८ सालचा आहे. ‘लेजंडमड’ हा १९९४ मध्यें सुरू झालेला, केवळ अक्षरांवर चालणारा खेळ होता. त्यांत कॅरिन या नांवानें वावरणारी नॉर्वेजियन तरुणी मोटार-अपघातांत वारल्याचें वृत्त आलें, तेव्हां सोबत्यांनीं त्या खेळांतच तिच्या स्मरणार्थ बाग उभारली. खेळाच्या कर्त्यांपैकीं राफ कॉस्टर यांनीं त्यावर लिहिलेला लेख फार गाजला. पुढें २००३ मध्यें एका लेखकानें या हकीकतीचा शोध घेतला, तेव्हां ती रचलेली असावी असा संशय बळावला. तथापि सोबत्यांनीं ढाळलेले अश्रू तेवढ्यानें खोटे ठरत नाहींत. ज्या सहवासाला ते मुकले, तो त्यांच्यापुरता खराच होता.

उलट प्रकार ऑस्लो येथील मॅट्स स्टेन याचा. स्नायू क्षीण करणाऱ्या आनुवंशिक विकारामुळें तो चाकांच्या खुर्चीला खिळला होता. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळांत मात्र तो ‘इबेलिन’ नांवाचा धडधाकट वीर होता. नोव्हेंबर २०१४ मध्यें वयाच्या २५ व्या वर्षीं तो वारला. मुलगा मित्रांवांचून, प्रेमावांचून गेला, हेंच आईबापांचें मोठें दुःख होतें. वडिलांनीं त्याच्या जाळ्यावरील रोजनिशींत निधनाची वार्ता लिहिली, आणि परक्या देशांतून सांत्वनाचीं पत्रें येऊं लागलीं. आपल्या मुलाशीं संवाद साधण्याचा मार्ग एका आईला इबेलिननेंच दाखविला होता, हें घरच्यांना तेव्हां कळलें. अंत्यविधीला त्याचे कांहीं सहखेळाडू परदेशांतून आले. २०२४ मध्यें त्याच्या जीवनावर चित्रपट निघाला.

महाराष्ट्रांतील तरुणांनाहि या वियोगाची चव मिळालेली आहे. २ सप्टेंबर २०२० रोजीं केंद्र सरकारनें ११८ ॲप्सवर बंदी घातली, त्यांत ‘पब्जी मोबाइल’ हा खेळ होता. ऑक्टोबरच्या अखेरीस तो भारतांत बंद पडला. ज्यांनीं सोबत्याचें खरें नांव वा दूरध्वनी विचारून ठेवला नव्हता, त्यांचा सोबती हयात असूनहि हरपला.

स्टेन यांना मुलाचे मित्र सांपडले, कारण रोजनिशीचा संकेतशब्द त्यांच्या हातीं होता. तो नसता तर एकीकडे आईबाप मुलाला एकाकी समजत राहिले असते, आणि दुसरीकडे मित्र त्याची वाट पाहत बसले असते. बोहाड्याच्या गांवांत मुखवटा कोणाच्या घरीं आहे हें शेजाऱ्यालाहि माहीत असतें. पडद्यासमोर रात्री जागविणाऱ्या मुलाचें तेथील नांव काय आणि त्याचे सोबती कोण, एवढें तरी त्याच्या घरांतील एखाद्या माणसाला ठाऊक असावें.