कारणाचा रकाना

व्यसनमुक्तीसाठी आलेल्या माणसाची पहिली नोंद घेताना आमच्या अर्जात एक रकाना असतो : ‘संभाव्य कारण’. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून छत्रपती संभाजीनगरात काम करताना तो मी असंख्य वेळा भरला आहे. वैजापूरकडच्या एका खेड्यातून नवऱ्याला घेऊन आलेल्या बाईंनी मात्र मलाच विचारले, “मॅडम, कारण तुमी लिहिनार, का आमी सांगायचं?” मला चटकन उत्तर देता आले नाही. व्यसनाच्या आणि मनाच्या आजाराच्या नोंदी आपल्याकडे कोणी व कशा केल्या, हे मी शोधू लागले ते त्या प्रश्नामुळे.

या शोधात आरंभीच भेटतो तो १८९३-९४ चा भांग-गांजा चौकशी आयोग. हिंदुस्थानातील वेड्यांची इस्पितळे गांजेकसांनी भरली आहेत, अशी ओरड इंग्लंडात झाली होती. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखालील या आयोगाने हजारावर साक्षी नोंदवल्या. गांजा पिकवणाऱ्या जिल्ह्यांत आमच्या शेजारचा अहमदनगर जिल्हाही होता. अहवालातले सर्वांत मोलाचे प्रकरण इस्पितळांच्या नोंदवह्यांबद्दलचे आहे. १८९२ साली ब्रिटिश हिंदुस्थानातील वेड्यांच्या इस्पितळांत १३४४ जण दाखल झाले. त्यांपैकी २२२ जणांच्या नावापुढे कारण म्हणून गांजा, भांग किंवा चरस लिहिलेले होते. आयोगाने त्यांचे कागद तपासले आणि शक्य तिथे गावी चौकशी करवली. शेवटी ९८ नोंदींनाच काही आधार सापडला. त्यातही निव्वळ अमली पदार्थाकडे बोट दाखवता येईल अशा ६१ होत्या.

एवढी चूक कशी झाली? रस्त्यावर भटकताना सापडलेल्या माणसाला पोलीस मॅजिस्ट्रेटपुढे नेत. त्याच्यासोबतच्या कागदावर वेडाचे कारण भरावे लागे. माणूस गांजा ओढतो एवढे कळले की रकाना भरला जाई. इस्पितळाचा अधिकारी तेच आपल्या वहीत उतरवी, वर्षअखेरीस त्याची बेरीज होई आणि ती बेरीज शास्त्र म्हणून वाचली जाई. प्रत्यक्षात काहींच्या घराण्यात आधीपासून मानसिक आजार होता, तर काहींनी मन बिघडल्यावर गांजा धरला होता. मला यात दिसते ते असे : ज्याच्यामागे बोलणारे कोणी नव्हते, त्याचे कारण शिपायाने ठरवले.

पुढचा टप्पा दारूबंदीचा. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने मद्य निषिद्ध ठरवले. पण प्रकृतीसाठी मद्य आवश्यक असल्याचा वैद्यकीय दाखला आणणाऱ्याला परवाना मिळण्याची सोय ठेवली. दाखला मिळवण्यासाठी ओळखीचा डॉक्टर हवा, अर्ज लिहिता यायला हवा, खिशात पैसा हवा. म्हणजे एकाच गरजेसाठी एकजण कागदोपत्री रुग्ण ठरे आणि हातभट्टीवर सापडलेला दुसरा गुन्हेगार. त्या परवान्याच्या भाषेत आरोग्याचा उल्लेख आजही टिकून आहे.

व्यसनी माणसाला रुग्ण म्हणून वागवण्याचा महाराष्ट्रातला ठळक प्रयत्न १९८६ चा. डॉ. अनिल अवचटांनी गर्दच्या विळख्यात सापडलेल्या तरुणांवर ‘महाराष्ट्र टाइम्स’मध्ये लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपयांची देणगी देऊ केली. येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ असलेल्या डॉ. अनिता अवचट यांनी पुढाकार घेतला आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी ‘मुक्तांगण’ सुरू झाले. व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच तिथे समुपदेशक झाली. रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट सुरू झाला. कारण सांगण्याचा अधिकार इथे पहिल्यांदा भोगणाऱ्याकडे आणि त्याच्या घराकडे आला, म्हणून मी या घटनेला इतिहासात मोठी जागा देते.

तरीही प्रश्न अंतराचा उरतो. नागपूर, रत्नागिरी, ठाणे आणि येरवडा ही राज्याची चार जुनी मनोरुग्णालये ब्रिटिश अमलातली. मराठवाडा तेव्हा निजामाकडे होता. संस्थानाचे मनोरुग्णालय आमच्या जालन्यातच होते. संस्थान विलीन झाल्यावर ते हैदराबादच्या एर्रागड्ड्याला गेले. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि त्याच वर्षी इथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आमची ‘घाटी’, उभे राहिले. पण जे रुग्णालय गेले होते, त्याच्या जागी दुसरे मनोरुग्णालय आले नाही.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने (२०१५-१६) दारूच्या आजाराचे ८६ टक्क्यांहून अधिक रुग्ण उपचाराविना असल्याचे दाखवले. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसलीतरी मदत मिळाली होती. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू व अमली पदार्थांशी निगडित मनोविकारांना व्याख्येत घेतले आणि उपचाराचा हक्क दिला. पण वैजापूरकडच्या त्या बाईंच्या दृष्टीने हक्काची किंमत म्हणजे दोघांचे एसटीचे भाडे आणि दोघांचा बुडालेला रोज.

या अडचणीवर एक उत्तर गोव्यात तपासले गेले. ‘संगाथ’ संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसोपचाराची पदवी नसलेल्या पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांकडून घातक प्रमाणात दारू पिणाऱ्या पुरुषांचे मोजक्या बैठकांत समुपदेशन करवले. ३७७ पुरुषांचा हा अभ्यास २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. तीन महिन्यांनी समुपदेशन घेतलेल्यांपैकी ३६ टक्क्यांची दारू धोक्याच्या पातळीखाली आली होती. नेहमीचीच सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. फरक लहान वाटेल. पण तो घराजवळच्या केंद्रात, आपल्या भाषेत बोलणाऱ्या माणसाने घडवलेला आहे. आमच्यासारख्या पदवीधारकांनी यापुढे शिकवण्याचे आणि देखरेखीचे काम अधिक करावे, असे मला त्यावरून वाटते.

त्या बाईंचा नवरा पाचव्या बैठकीला आला नाही. दोन महिन्यांनी पुन्हा आला. दरम्यान मी माझ्या नोंदवहीत रकान्याचे दोन भाग केले : ‘रुग्ण व घरचे काय सांगतात’ आणि ‘आम्हाला काय वाटते’. पहिल्या भागात बाईंनी सांगितले ते मी लिहिले : कपाशी गेली, मुकादमाची उचल फिटली नाही, तेव्हापासून झोप नाही, झोप यावी म्हणून दारू. दुसऱ्या भागात आधी नुसतेच ‘दारूचे व्यसन’ असे होते. ते खोडून मी त्यापुढे नैराश्याची तपासणी करण्याची सूचना लिहिली.