वळिवडे: एकाच बराकींत दोनदा आलेले निर्वासित

कोल्हापूरच्या कुणालाही विचारा, होलसेलमध्ये कपडे कुठे घ्यायचे? उत्तर ठरलेलं: गांधीनगर. पण या गांधीनगरच्या जागी कधीकाळी पोलंडमधून आलेल्या लोकांचं एक अख्खं गाव वसलं होतं. आजचा भाग त्या गावाबद्दल, आणि 'निर्वासित' हा शब्द शाळेतल्या मुलांना कसा समजावायचा त्याबद्दल.

आधी गोष्ट. सप्टेंबर १९३९. पोलंडवर पश्चिमेकडून हिटलर चालून आला आणि पूर्वेकडून स्टॅलिन. पूर्व पोलंडमधल्या लोकांना सोव्हिएत सैनिकांनी घरातून उचलायला सुरुवात केली. पहिली मोठी धरपकड १० फेब्रुवारी १९४० ची. भर थंडीत, सामान बांधायला जेमतेम वेळ, मग मालगाडीच्या डब्यात कोंबून थेट सैबेरिया, नाहीतर कझाकस्तान. गुन्हा काय? काहीच नाही.

जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावरच हल्ला केला आणि गणित फिरलं. आता स्टॅलिनला दोस्त हवे होते, म्हणून पोलिश कैद्यांना मोकळं केलं. १९४२ मध्ये त्यातले हजारो जण कास्पियन समुद्र ओलांडून इराणात पोहोचले. पुरुष सैन्यात गेले. बायका-मुलांचं काय? त्यांच्यासाठी भारतात आणि आफ्रिकेत छावण्या उघडल्या. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला शेकडो मुलांना आसरा दिला. आणि १९४३ पासून कोल्हापूरजवळ वळिवड्याला जवळपास ५,००० पोलिश लोक येऊन राहिले. त्यात बहुतेक बायका आणि मुलं.

आता शाळेकडे येऊ. वर्गात ही गोष्ट सांगितली की मुलं म्हणतात, "बिचारे!" इथेच थांबलो तर काम अर्धवट राहतं. कारण 'बिचारे' म्हटलं की समोरचा माणूस फक्त हात पसरलेला दिसतो. वळिवड्यात शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं बसवली जात होती, स्काउटची पथकं होती. मुलं परीक्षा देत होती. म्हणजे बघा, तिथल्या मुलांना गृहपिठाचाही कंटाळा येत असणार! हे सांगितलं की वर्गातल्या पोरांना त्या मुलांमध्ये आपल्यासारखं कुणीतरी दिसायला लागतं.

दुसरा हमखास प्रश्न: "युद्ध संपलं ना, मग गेले का नाहीत घरी?" हा प्रश्न भारी आहे, तो दाबू नका. नकाशा काढा. १९४५ नंतर पोलंडची सीमाच पश्चिमेला सरकली. ज्या गावांतून ही माणसं निघाली होती, त्यातली बहुतेक गावं आता सोव्हिएत संघात होती. घर तिथेच होतं, देश बदलला होता! मग १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली आणि कित्येक जण ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया असे विखुरले.

तुमच्या वर्गातही गाव सोडून आलेली मुलं असतातच. कुणाचे वडील नोकरीसाठी पुण्याला आले, कुणाच्या आजोबांची जमीन धरणात गेली. त्यांनाच बोलतं करा: "तुम्ही दिवाळीला गावी जाता का?" नोकरीसाठी आलेला जातो. धरणग्रस्ताला जायला गावच उरलेलं नसतं. आणि निर्वासिताला परत गेलं तर जिवाची भीती असते. हा फरक व्याख्या पाठ करून कळत नाही, असा लगेच कळतो.

आणि वळिवड्याची गोष्ट तिथे संपत नाही. पोलिश लोक गेले, आणि त्याच बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं राहायला आली. त्यांनी शून्यातून दुकानं उभी केली. तेच आजचं गांधीनगर. आपण जिथे भाव करत उभे राहतो ना, ती बाजारपेठ निर्वासितांनी उभारलेली आहे.

आज मुलांच्या कानावर 'निर्वासित' हा शब्द बहुतेकदा व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डमधून पडतो, तोही शिवीसारखा. कुणाला किती जागा द्यायची, यावर मोठ्यांनी खुशाल वाद घालावा. पण त्या वादात उतरण्याआधी मुलांना एवढं तरी माहीत असावं की हा शब्द माणसाचा स्वभाव सांगत नाही, त्याच्यावर आलेली वेळ सांगतो.

कोल्हापूरला गेलात तर महावीर उद्यानात पोलिश लोकांचं स्मारक आहे, ते नक्की बघा. घरात शाळेत जाणारं कुणी असेल तर हा भाग त्यांना ऐकवा आणि त्यांनी काय प्रश्न विचारले ते आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात!