जत्रेतला आकाशपाळणा, बर्थडेचा मिकी माउस आणि लग्नातली ताटं : भाड्याने मजा पुरवणाऱ्यांचा धंदा चालतो कसा?

जानेवारीत सोलापूरच्या होम मैदानावर गेलात की डोळे दिपतात. सिद्धरामेश्वरांची गड्डा यात्रा भरलेली असते आणि आकाशपाळणा, ब्रेक डान्स, टोराटोरा, ड्रॅगन ट्रेन, मौत का कुआँ असं सगळं एका ओळीत लखलखत असतं. यात्रा उलगडली की काही दिवसांत मैदान मोकळं. एवढं लोखंड आलं कुठून, गेलं कुठं आणि ५०-६० रुपयांच्या तिकिटात हा डोलारा परवडतो कसा, हा प्रश्न पाळण्यात बसलेल्याला पडत नाही. त्याच्या पोटात तेव्हा गोळा आलेला असतो.

पहिला गैरसमज म्हणजे हे सगळं एकाच मालकाचं असतं. बहुतेक जत्रांमध्ये तसं नसतं. नगरपालिका, ग्रामपंचायत किंवा देवस्थान मैदानाचा लिलाव करतं. एखादा ठेकेदार पूर्ण जागा घेतो आणि पुढे ती तुकड्यांत देतो. आकाशपाळणा एकाचा, ब्रेक डान्स दुसऱ्याचा, मौत का कुआँ तिसऱ्याचा. कुणी ठरलेलं भाडं देतो, कुणी गल्ल्यातला टक्का. त्यामुळे लिलावाची बोली चढली की तिचा भार फिरत फिरत शेवटी तिकिटावर येतो. गावाला वाटतं पाळणेवाला लुटतोय. त्यातले निम्मे पैसे कधीकधी जागेलाच गेलेले असतात.

धंद्याचं कॅलेंडर पंचांगावर चालतं

पाळणेवाल्याचं वर्ष एप्रिलला सुरू होऊन मार्चला संपत नाही. तमाशाच्या फडांसारखंच त्याचंही आहे. दसरा-दिवाळीनंतर सामान बाहेर पडतं. मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा, दत्तजयंतीला तापीकाठचं सारंगखेडा, डिसेंबरात मुंबईत माहीमचा मेळा, त्याच सुमारास साताऱ्याकडे पुसेगाव, मग संक्रांतीला सोलापूर. खरी धांदल चैत्रात. गावोगावच्या यात्रा एकमेकींवर चढतात आणि एकाच तारखेला तीन गावांची बोलावणी येतात. वैशाख सरला की काम ओसरतं. पावसाळ्यात लोखंडाला ग्रीस लावून, रंग मारून सामान गोडाऊनला पडतं. मध्ये गणपती, वांद्र्याची माउंट मेरीची जत्रा आणि नवरात्र एवढाच दिलासा.

म्हणजे कमाईचे महिने सहा-सात आणि कर्जाचे हप्ते बारा. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं ते नेमकं चैत्राच्या तोंडावर. पुढच्या वर्षीचा चैत्रही दुसऱ्या लाटेत गेला. दुकानदाराने शटर अर्धं उघडून, फोनवर ऑर्डर घेऊन काहीतरी भागवलं. पाळण्याची होम डिलिव्हरी होत नाही.

पाळणा उभा राहतो कसा

चाकाच्या या खेळाला अमेरिकी अभियंता जॉर्ज फेरिस याचं नाव मिळालं. त्याने १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात २६४ फूट उंचीचं चाक उभं केलं. त्याला ३६ डबे होते आणि एका डब्यात ६० माणसं मावत. पण माणसांना चाकात बसवून फिरवण्याची करामत त्याच्या कितीतरी आधीची आहे. पिएत्रो देल्ला व्हाल्ले या इटालियन प्रवाशाने १६१५ मध्ये इस्तंबूलच्या जत्रेत असं चाक बघून लिहून ठेवलं होतं. आपल्याकडचा हाताने फिरवायचा चार खोक्यांचा लाकडी पाळणाही त्याच कुळातला.

फिरत्या पाळण्याची खरी हुशारी उंचीत नाही, सुटं होण्यात आहे. सगळी रचना ट्रकमध्ये मावेल अशा तुकड्यांची असते. मैदानावर आधी जागा सपाट करतात, खाली लाकडी ठोकळे टाकून पायाची चौकट बसवतात आणि लेव्हल बघतात. मग दोन्ही बाजूंचे मनोरे, त्यांच्यावर मधला धुरा, त्याला आरे आणि शेवटी पाळणे. काँक्रीटचा पाया नसतो. सगळा भार ठोकळ्यांवर, म्हणजे खालच्या मातीवर. म्हणूनच अवकाळी पाऊस पडून गेला की जाणता मालक पाळणा लगेच सुरू करत नाही. आधी ठोकळे खचले का ते बघतो.

पाळणा भरायला इतका वेळ का लागतो, यावर रांगेतले लोक वैतागतात. त्याला कारण आहे. ओळीने एकेक पाळणा भरत गेलं तर एक बाजू जड होते आणि मोटर-ब्रेकवर ताण येतो. म्हणून एक पाळणा भरला की चाक अर्धं फिरवून त्याच्या समोरचा भरायचा. हे काम करणाऱ्या पोऱ्याला गणित कुणी शिकवलेलं नसतं, पण वजनाचा अंदाज त्याला बरोबर असतो.

जोडणीतला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे पिन. मोठे सांधे ज्या खिळ्यांनी जोडतात, ते निसटू नयेत म्हणून त्यांच्या टोकाला छोटी पिन अडकवतात. वर्षाला पंधरा-वीस वेळा सगळं खोलायचं आणि जोडायचं म्हटल्यावर पिना हरवतात, वाकतात. मग कुणीतरी तारेचा तुकडा पिळून काम भागवतो. मोठ्या मशिनची भीती वाटते सगळ्यांना, तारेच्या त्या तुकड्याकडे लक्ष कुणाचंच नसतं.

पैशाचं गणित

एक काल्पनिक हिशोब मांडून बघू. समजा पाळण्याला १२ डबे आहेत आणि एका डब्यात ४ जण, म्हणजे एका फेरीत ४८ माणसं. चढ-उतार धरून एका फेरीला १० मिनिटं, म्हणजे तासाला ६ फेऱ्या. तिकीट ५० रुपये. भरगच्च तासाला १४,४०० रुपये. ऐकायला झकास वाटतं. पण गर्दीचे तास संध्याकाळचे तीन-चारच असतात आणि पाच दिवसांच्या यात्रेत खरी गर्दी दोनच दिवस. बाकी वेळ पाळणा चार पोरांना घेऊन फिरतो आणि डिझेल तेवढंच पितो.

यातून जागेचं भाडं, ट्रकभाडं, जनरेटर, कामगारांचा पगार आणि जेवण, परवान्यांचा खर्च जातो. शिवाय कर. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा अशा खेळांवर २८ टक्के लागला. ओरड झाली आणि २५ जानेवारी २०१८ पासून तो १८ टक्के झाला. नोंदणी असलेल्या मालकाच्या ५० रुपयांच्या तिकिटात साडेसात रुपयांहून थोडा जास्त कर असतो. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही. पावसाने दोन संध्याकाळी खाल्ल्या की मात्र सगळं गणित पाण्यात. जागेचे पैसे परत मिळत नाहीत.

परवानगी कोण देतं?

इथं घोळ आहे. पाळण्यांसाठी देशभर लागू होणारा एकच वेगळा कायदा नाही. भारतीय मानक ब्युरोचं आयएस १५४७५ हे खेळण्यांच्या सुरक्षिततेचं मानक आहे, पण रोजची परवानगी राज्याच्या नियमांवर आणि स्थानिक यंत्रणेवर चालते. महाराष्ट्रात करमणुकीच्या जागांचे परवाने पोलीस कायद्याखालच्या नियमांतून येतात, त्यात मेळे आणि तमाशेही धरलेत. त्याशिवाय यंत्राचा फिटनेस दाखला, विद्युत निरीक्षकाची तपासणी, अग्निशमनची ना हरकत आणि जागामालकाचं पत्र लागतं. एवढी कागदं यात्रेच्या दोन दिवस आधी गोळा करायची. कारण पाळणा उभा राहिल्याशिवाय तपासणी होत नाही, आणि उभा राहतो तेव्हा यात्रा दारात आलेली असते. अशा वेळी तपासणीला किती वेळ मिळत असेल, ते उघड आहे.

अपघात झाला की मग सगळे जागे होतात. जुलै २०१९ मध्ये अहमदाबादच्या कांकरिया इथल्या पार्कात झुलणारी राइड तुटून दोघांचा जीव गेला. सप्टेंबर २०२२ मध्ये मोहालीच्या मेळ्यात उंचावरून खाली येणारी राइड थेट आदळली, लोक जखमी झाले. मे २०२४ मध्ये राजकोटच्या गेम झोनला आग लागून २७ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर गुजरात सरकारने नियम कडक केले. मातीची तपासणी, पक्का पाया, जोड तपासायच्या चाचण्या, सगळं आलं. तीनच महिन्यांनी राजकोटचा जन्माष्टमीचा लोकमेळा होता. पाच दिवसांसाठी काँक्रीटचा पाया कसा भरायचा, असं पाळणेवाल्यांचं म्हणणं. प्रशासन हटलं नाही. मेळा पाळण्यांविना सुरू झाला आणि मुसळधार पावसाने तोही गुंडाळावा लागला.

दोन्ही बाजूंचं म्हणणं समजण्यासारखं आहे. पण मातीची तपासणी नको हे पटणारं नाही. खरा तोडगा मेळ्याच्या जागा ठरलेल्या असतात यातच आहे. जे मैदान दरवर्षी लिलावात जातं, तिथं एकदा पाया घालून ठेवायचा खर्च पालिकेला जड नाही.

जत्रेबाहेरचा बाजार

गेल्या काही वर्षांत शहरातल्या छोट्या भाड्याचं काम वाढलं. सोसायटीचा आनंदमेळा, शाळेचं गॅदरिंग, पहिला वाढदिवस. तिथं लागतो हवेचा मिकी माउस, छोटं मेरी-गो-राउंड, पॉपकॉर्नचं मशिन, म्हातारीच्या केसांचं मशिन. भांडवल कमी, टेम्पोत सामान मावतं, शनिवार-रविवार धंदा.

मिकी माउस निरुपद्रवी वाटतो, पण तो मुळात हवेने भरलेलं शीड आहे. युरोपीय मानकाप्रमाणे वारा ताशी ३८ किलोमीटरच्या पुढे गेला की तो बंद करायचा आणि किमान सहा ठिकाणी जमिनीला बांधायचा. डिसेंबर २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात एका शाळेत वाऱ्याने असा मिकी माउस उचलला आणि सहा मुलं दगावली. आपल्याकडे टेरेसवर पार्टी असली की तो पाण्याच्या टाकीला दोरीने बांधलेला दिसतो. टेरेसवर तो लावूच नये.

म्हातारीच्या केसांची गोष्ट वेगळीच. हे मशिन १८९७ मध्ये विल्यम मॉरिसन आणि जॉन व्हार्टन यांनी बनवलं. यातला मॉरिसन होता दातांचा डॉक्टर! साखर निरुपद्रवी, भानगड रंगाची. फेब्रुवारी २०२४ मध्ये ऱ्होडामाइन-बी हा कापडाचा रंग सापडल्यावर पुदुच्चेरी आणि तमिळनाडूने विक्रीवर बंदी घातली. मार्चमध्ये कर्नाटकने त्यात कृत्रिम रंग घालायला मनाई केली. मशिन भाड्याने घेताना रंग कोणता घालणार, हे विचारायला कुणी लाजू नये. पांढरे केसही तेवढेच गोड लागतात.

ताटं मोजून न्या, मोजून द्या

याच धंद्याचं दुसरं अंग म्हणजे मंडप आणि केटरिंग. जुनी पद्धत अशी की आचारी यादी देणार, घरचे किराणा भरणार, भांडी मंडपवाल्याकडून येणार. आता जास्त चालतं ते पर प्लेट. यजमानाची दगदग वाचते, पण वाद आकड्यावर होतो. ३०० ताटं सांगितली आणि ३४० माणसं आली तर? चांगला केटरर थोडं वाढीव शिजवतो आणि जास्तीच्या ताटाचा दर आधीच लिहून घेतो. मोजायची सोपी रीत म्हणजे रिकामी ताटं मोजणं. आधी दिलेली वजा उरलेली.

भांडी भाड्याने देणाऱ्याचं नुकसान कढई-पातेल्यात होत नाही. ती कोण पळवणार? जातात ते चमचे. उष्ट्यासकट कचऱ्यात जातात, पोरांच्या खिशातून जातात. म्हणून अनामत रक्कम असते आणि परत घेताना चमचे आधी मोजतात.

खाद्यव्यवसायाला अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी किंवा परवाना लागतोच, मग धंदा घरगुती का असेना. घोटाळा बहुतेक वेळा शिजवण्यात होत नाही, शिजलेलं ठेवण्यात होतो. गरम पदार्थ ६० अंशांच्या वर राहिला पाहिजे आणि थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली. मधल्या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. सकाळी आटवलेली बासुंदी उन्हाळ्यात मंडपात दुपारपर्यंत उघडी राहिली तर आचाऱ्याचा हात कितीही गुणी असला तरी उपयोग नाही.

आणि मंडपाचं कापड. डिसेंबर १९९५ मध्ये हरियाणातल्या डबवालीत शाळेच्या कार्यक्रमात मंडप पेटला आणि चारशेहून जास्त जीव गेले, त्यात मुलं खूप होती. झालर, पडदे, त्यामागून नेलेल्या वायरी, शेजारी भट्टी, हे दृश्य आजही नवीन नाही. भट्टी आणि सिलिंडर मंडपाच्या बाहेर, कापडापासून लांब आणि बाहेर पडायला दोन वाटा, एवढं तरी ठरवताना बोलून घ्यावं.

भाड्याने घेणाऱ्याने विचारायच्या गोष्टी फार नाहीत. फिटनेस दाखला याच ठिकाणचा आणि याच तारखेचा आहे का, की मागच्या गावचा? तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचा विमा आहे का? मशिनपाशी कोण उभं राहणार, घरचा माणूस की त्यांचा? जनरेटरला अर्थिंग आणि करंट गळला की बंद पडणारा ब्रेकर आहे का? जत्रेतल्या पाळण्यात बसताना मात्र दाखला कुणी दाखवत नाही. तिथं दांडी स्वतः ओढून बघायची, ओढणी आणि केस बांधायचे. दांडी हलली तर सरळ खाली उतरायचं, तिकिटाचे पैसे गेले तरी.