सात नंबरचा फॉर्म

आमचा भाचा पुण्यात संगणकाचं काहीतरी करतो. काय करतो ते मी तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा समजल्यासारखी मान हलवली. परवा श्रीरामपूरला आला आणि चहा बशीत ओतता ओतता म्हणाला, "मामा, आता अंतराळात खासगी कंपन्यांचं राज्य! सरकारचा छदामही नको."

"असं? त्या मस्कसाहेबांची पहिली तीन रॉकेटं पडली. चौथं २००८च्या सप्टेंबरात वर गेलं. डिसेंबरात 'नासा'नं बारा खेपांचं १६० कोटी डॉलरचं कंत्राट दिलं. हा छदाम का?"

"आपलं 'विक्रम-एस' घ्या. खासगीच!"

"घेतलं. १८ नोव्हेंबर २०२२. पण उडालं श्रीहरिकोट्याहून. म्हणजे नवरदेव खासगी, मांडव सरकारी."

भाचा बशीत फुंकर मारू लागला. मला चेव आला. नगरी माणसाला आकाशातलं कळत नसेल, साखरेतलं कळतं. हरेगावला बेलापूर कंपनीचा कारखाना होता, अगदी खासगी. पण तिथला ऊस प्यायचा भंडारदऱ्याचं पाणी, आणि ते धरण १९२६ साली पुरं झालं सरकारी पैशानं. १९३२ साली सरकारनं परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसवली, तेव्हा कुठं देशी साखर बाजारात गोड लागू लागली.

मग १९५० साली लोणीचा सहकारी कारखाना सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील भांडवलासाठी गावोगाव हिंडले, धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्री अध्यक्ष झाला. सरकारनं तिथंही भागभांडवल घातलंच. फरक एवढाच, की हरेगावचा नफा कंपनीच्या भागधारकांचा, लोणीला ऊसवालाच भागधारक. पुढं सहकारातही कर्जं थकली, राजकारण शिरलं, ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं. पण सरकारी पैसा लागला का, हा प्रश्न मुळी नाहीच. लागतोच. त्यातून पिकलेलं कोणाच्या दारात येतं, ते विचारावं.

"पण मामा, आता ती कंपनी घरोघरी इंटरनेट विकून कमावते!"

"कमावू दे की. पोरगं कमावतं झालं, आनंदच आहे. बाळंतपण कोणी केलं ते विसरू नये, इतकंच."

भाच्यानं कप खाली ठेवला. "मामा, तुमचा ऊस कशावर हो?"

"पाटाच्या पाण्यावर. सात नंबरचा फॉर्म भरून."

"आणि पाणीपट्टी?"

तेवढ्यात मला गोठ्यात काहीतरी काम आठवलं.