गुळाचा चहा
गुळाचा चहा हे साखरेऐवजी उसाचा गूळ घालून केलेले पेय आहे. कॉफीही याच पद्धतीने केली जाते. गेल्या काही वर्षांत नवी मुंबईसह अनेक शहरांत गुळाच्या चहाची स्वतंत्र दुकाने निघाली असून तेथे तो आरोग्यास हितकारक म्हणून विकला जातो. हा दावा अंशतःच खरा आहे.

पार्श्वभूमी

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात आलेल्याला गूळ-पाणी देण्याची जुनी रीत आहे. साखर विकत आणावी लागे, गूळ मात्र गावच्या गुऱ्हाळात तयार होई. प्रवरानगर येथे १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पुढील दशकांत राज्यात असे कारखाने वाढत गेले. साखरेचा चहा प्रतिष्ठेचा ठरला व गुळाचा चहा गरिबीची खूण मानला जाऊ लागला. आज शहरात तोच चहा अनेकदा साध्या चहापेक्षा महाग मिळतो. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. नवी मुंबईत वाशी येथील कृषी उत्पन्न बाजार समितीच्या मसाला बाजारात गुळाची घाऊक उलाढाल होते.

कृती

गुळातील आम्लता व क्षार यांमुळे उकळते दूध फाटू शकते. म्हणून चहा वा कॉफी आचेवरून उतरवल्यावर किसलेला गूळ घालतात, किंवा तो आधी पाण्यात विरघळवून गाळून घेतात.

पोषणमूल्य

१०० ग्रॅम साखरेतून सुमारे ४०० किलोकॅलरी मिळतात, तर तेवढ्याच गुळातून सुमारे ३८०. पाच ग्रॅमच्या चमच्यामागे हा फरक जेमतेम एका किलोकॅलरीचा आहे. गुळाचाही मुख्य घटक सुक्रोजच असल्याने त्याने रक्तातील साखर वाढते. मधुमेही व्यक्तींसाठी तो साखरेचा सुरक्षित पर्याय नव्हे. गूळ कमी गोड लागला म्हणून दीड चमचा घातला, तर उरलासुरला लाभही जातो.

गुळात लोह, पोटॅशियम व मॅग्नेशियम असते, साखरेत ते जवळपास नसते. तथापि एका चमच्यातून मिळणारे लोह अत्यल्प असते. त्यातच चहा-कॉफीतील पॉलिफेनॉल लोहाच्या शोषणात अडथळा आणतात. त्यामुळे रक्तक्षयावर उपाय म्हणून गुळाचा चहा घेण्यात फारसे तथ्य नाही. लोहासाठी गूळ घ्यायचाच तर तो चहात नसलेला बरा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार मुक्त शर्करा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी; ५ टक्क्यांखाली असल्यास अधिक चांगले. २,००० किलोकॅलरींच्या आहारात या मर्यादा अनुक्रमे सुमारे ५० व २५ ग्रॅम होतात. दोन चमचे साखरेचे चार कप घेतल्यास ४० ग्रॅम तेथेच संपतात. मधही मुक्त शर्करेतच मोजला जातो.

अन्य पर्याय

स्टीव्हिया वनस्पतीपासून मिळणाऱ्या गोडकास भारतात २०१५ मध्ये परवानगी मिळाली. अशा साखरविरहित गोडकांनी कपातील कॅलरी कमी होतात. मात्र वजन आटोक्यात ठेवण्यासाठी ते वापरू नयेत, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये केली. आधीपासून मधुमेह असलेल्या व्यक्तींना ती लागू नाही. फिनाइलकीटोन्युरिया हा आनुवंशिक विकार असलेल्यांनी ॲस्पार्टेम टाळावे लागते.

गोडी टप्प्याटप्प्याने कमी केल्यास जिभेला तिची सवय होते. मराठी घरांतील कॉफीत जायफळ व वेलदोड्याची पूड घालण्याची पद्धत येथे उपयोगी पडते, कारण त्यांच्या सुगंधामुळे कमी साखरेची कॉफीही फिकी वाटत नाही. जायफळ चिमूटभरच घालतात. जास्त प्रमाणात ते विषारी ठरते.