जमीन दुसऱ्याची, पीक आपलं

गझल लिहिणाऱ्यांत एक जुना रिवाज आहे. दुसऱ्या शायराच्या गझलेचं वृत्त, काफिया आणि रदीफ घ्यायचे आणि त्यावर आपले शेर रचायचे. याला आम्ही त्याच्या ‘जमिनीत’ लिहिणं म्हणतो. तरुणपणी मी अशीच एक गझल एका मासिकाला पाठवली. ‘ही उसनवारी आहे’ एवढा शेरा मारून संपादकांनी ती परत केली. तो शब्द फार दिवस टोचत राहिला. त्याचं उत्तर सापडलं ते भलत्याच ठिकाणी, व्हिडिओ गेमच्या इतिहासात.

गोष्ट १९८१ सालची. जपानमधल्या क्योतोच्या निन्टेंडो कंपनीची ‘रडार स्कोप’ या खेळाची बरीच यंत्रं अमेरिकेत पडून होती. त्यांत नवा खेळ बसवण्याचं काम शिगेरू मियामोतो या तरुण चित्रकाराकडे आलं. खेळ ‘पॉपाय’वर बेतायचा होता, पण हक्क मिळाले नाहीत. मियामोतोंनी पात्रं सोडली, त्यांच्यातलं नातं ठेवलं. दांडगट ब्लूटोच्या जागी गोरिला आला, पॉपायच्या जागी सुतार, ऑलिव्हच्या जागी पळवून नेलेली तरुणी. १९३३च्या ‘किंग काँग’ चित्रपटात वानर तरुणीला घेऊन उंच इमारतीवर चढतो; इथेही गोरिला वर, सुतार खाली. म्हणून शिड्या चढायच्या. वरून पिंपं गडगडत येतात, म्हणून उडी मारायची. ‘स्पेस इनव्हेडर्स’सारख्या खेळांत नुसत्या गोळ्या झाडायच्या असत. इथे आधी गोष्ट आली, नियम तिच्यातून निघाले. हाच तो ‘डाँकी काँग’.

१९८२ मध्ये युनिव्हर्सल कंपनीने दावा लावला: ‘किंग काँग’ आमचा! १९८३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने तो फेटाळला. गंमत अशी, की किंग काँगची कथा सर्वांना खुली आहे, असं १९७५ मध्ये सुरू झालेल्या एका खटल्यात युनिव्हर्सलनेच मांडलं होतं. १९८४ मध्ये अपिलातही निन्टेंडोच जिंकली.

पुढे ‘पॉपाय’चे हक्कही मिळाले, १९८२ मध्ये त्यावर खेळ निघाला. पण जगभर घराघरांत पोचला तो बिननावाच्या जमिनीत उगवलेला सुतार. त्यालाच आपण मारिओ म्हणतो.

ती परत आलेली गझल अजून माझ्या वहीत आहे. परवा पुन्हा वाचली. जमीन घेण्यात माझी चूक नव्हती. चूक एवढीच, की तिच्यात मी माझं काही पेरलंच नव्हतं.